काशीनाथअप्पांचा डावा हात

माझ्या दवाखान्याच्या पाटीवर ‘भौतिकोपचार केंद्र’ असं ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं होतं, पण ती पाटी वाचून कुणी जिना चढल्याचं मला आठवत नाही. नांदेडला नोकरीत होते तेव्हा मी ‘शेकणाऱ्या बाई’ होते. लग्न होऊन लातूरला आले, स्वतःचा दवाखाना टाकला आणि ‘करंटवाल्या मॅडम’ झाले. ऑटोवाल्याला पत्ता सांगावा लागत नसे. ‘करंट लावतात तिथं’ म्हटलं की तो बरोबर आणून सोडी. आता पाटी उतरवली आहे, यंत्रं एका तरुण डॉक्टरणीला देऊन टाकली आहेत, तरी भाजीबाजारात बायका कमरेला हात लावून ‘मॅडम, हितं लई दुखून राहिलंय’ म्हणतातच.

हा करंट म्हणजे काही भयंकर प्रकार नसतो. दुखऱ्या जागेवर दोन-चार रबरी पट्ट्या लावायच्या आणि अगदी बारीक वीज सोडायची. मुंग्या चालल्यासारखं वाटतं, दुखणं थोडा वेळ गप्प बसतं. पण लोकांना या मुंग्यांची भारी आवड. नांदेडला असताना बिलोलीच्या कोर्टातले एक पेशकार पाठ घेऊन यायचे. पट्ट्या लावल्या की म्हणायचे, “मॅडम, वाढवा की जरा. एवढ्या लांबून एसटीनं आलो.” जणू मी माप कमी भरत होते. मी बटण फिरवल्यासारखं करायचे, ते “आता कसं!” म्हणून डोळे मिटायचे.

दुखणं गप्प बसवणं सोपं. ते घालवायचं तर माणूस दिवसभर काय करतो हे कळावं लागतं, आणि आमच्या धंद्यातलं खरं अवघड काम तेच. शेतात राबणारा माणूस सांगतो, कोळपताना कंबर धरली, पोतं उचलताना लचक भरली. टेबलाशी काम करणाऱ्याला विचारावं तर त्याचं उत्तर ठरलेलं. “काही नाही हो, बसूनच असतो.” घरच्यांनाही तसंच वाटतं. बसणाऱ्याला काय दुखायचं?

मग मी त्यांना घागरीचं उदाहरण द्यायचे. भरलेली घागर कडेवर घेतली की बाई गल्लीच्या टोकापर्यंत गप्पा मारत जाते. तीच घागर हात लांब करून धरायला सांगा, उंबरठ्यापर्यंतही जाणार नाही. आपलं डोकं म्हणजे ती घागर. मानेच्या बरोबर वर असलं तर मानेला पत्ताही लागत नाही. पडद्याकडे, कागदाकडे, मोबाइलकडे चार बोटं पुढं आलं की मागचे स्नायू दिवसभर ते ओढून धरतात. संध्याकाळी ते ओरडतात तेव्हा आपण म्हणतो, काही न करता दुखायला लागलं.

लातूरला शिकवणीच्या पोरी यायच्या, खाटेवर पोटावर झोपून वाचणाऱ्या. त्यांच्या माना टेबल-खुर्ची मिळाली की सुधारायच्या. हिमायतनगरची एक संगणकावर काम करणारी मुलगी मात्र मनातून जात नाही. मनगटाच्या दुखण्यापायी ती नोकरी सोडून मग माझ्याकडं आली. मनगट बरं झालं, नोकरी काही परत मिळाली नाही. थोडी आधी आली असतीस तर, असं मी तिला म्हणाले नाही. म्हणून काय उपयोग होता?

पण या लेखात मला सांगायचं आहे ते काशीनाथअप्पांबद्दल.

अप्पा मार्केट यार्डातल्या एका आडत दुकानात मुनीम होते. शेतकऱ्यानं आणलेला माल विकून द्यायचा आणि त्यावर आपली आडत, म्हणजे दलाली, घ्यायची, असं हे दुकान. सोयाबीन, तूर, हरभरा. अप्पांची पन्नाशी कधीच उलटलेली. पांढरा शर्ट, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. सोबत त्यांच्या पत्नी पार्वतीअक्का. अप्पा जेवढे कमी बोलत तेवढं अक्का भरून काढत.

“आधी छातीच्या डॉक्टरकडं गेलो, मॅडम,” अक्कांनी सुरुवात केली. “डावा हात दुखून राहिला म्हणल्यावर माझ्या तर काळजाचं पाणीच झालं. काळजाची पट्टी काढली, मशीनवर पळायला लावलं, रक्त तपासलं. डॉक्टर म्हणले, काळीज बैलासारखं हाय. दुखणं मानेतून आलंय. हाडांच्या डॉक्टरला दाखवा. त्यांनी हितं धाडलं.”

“मग काळजाची भीती गेली ना?” मी अप्पांना विचारलं.

“हाव,” अप्पा म्हणाले. “भीती गेली. हात हाय तिथंच हाय.”

मी तपासलं. मान डावीकडं कलली की कळ दंडातून थेट अंगठ्यापर्यंत जायची. अंगठा आणि शेजारचं बोट बधिर. मानेच्या मणक्यातून हाताकडं निघणारी नस चिडलेली आहे, एवढं स्पष्ट होतं. हाताची ताकद मात्र चांगली होती, त्यामुळं मी निर्धास्त होते. नस दुखते तोवर वेळ असतो. हात लुळा पडायला लागला तर मात्र आमच्यासारख्यांनी बाजूला व्हायचं आणि रोग्याला शस्त्रक्रियेच्या डॉक्टरकडं पाठवायचं, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम.

“दुकानात काय काम असतं, अप्पा?”

“काई न्हाई. बसूनच असतो.”

शेक, करंट, हलके व्यायाम सुरू केले. हनुवटी आत ओढून डोकं मागं न्यायचं, दोन्ही खांदे मागं घ्यायचे, भिंतीवर बोटांनी चढत हात वर न्यायचा. मान शेकताना डबी मध्ये यायची, पण ती मी कधी काढायला सांगितली नाही. अप्पा स्वतःच ती उजव्या हातात धरून बसत.

अशात यार्डात हमालांचा संप झाला. व्यवहार बंद. त्या दिवसांत अप्पा इतके सुधारले की मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. संप मिटला, दुकान उघडलं आणि अप्पा पुन्हा होते तिथं आले. माझी पाठ मी थोपटली ती उगाच, एवढं कळलं. दुखणं दुकानात होतं. पण दुकानात नेमकं कुठं, हे विचारायच्या आधीच दुसरं काही तरी घडलं.

एका सकाळी पार्वतीअक्का एकट्याच आल्या. खुर्चीवर बसल्या आणि बराच वेळ पदराचं टोक पिळत राहिल्या.

“मॅडम, तुमाला आमची पूजा ठावं हाय का?”

मला नीटशी माहिती नव्हती. तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. लिंगायतांमध्ये गळ्यातलं इष्टलिंग रोज पूजेला डाव्या तळहातावर घेतात. हात डोळ्यांसमोर उचलून धरायचा आणि त्या लिंगाकडं एकटक पाहत बसायचं. पूजा झाल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. अप्पांनी लहानपणापासून हे कधी चुकवलं नव्हतं. त्यांच्या घरात देव्हाऱ्यापेक्षा तो तळहातच मोठा.

“आता हात वरी ऱ्हात न्हाई,” अक्का म्हणाल्या. “लई दिवसांपासून मीच बाजूला बसून कोपर धरून राहिले. तुमाला सांगू नको म्हणले होते. पण काल हात थरथरला आन् लिंग निसटलं. मी पदर पुढं केला म्हणून पदरात आलं. खाली पडलं असतं तर, मॅडम...”

मी पाणी दिलं.

“मठातल्या स्वामींना इचारलं. ते म्हणले, पाटावर कोपर टेकव की रे, मन टेकलं म्हंजे झालं. पण ह्यांना ते पटत न्हाई. म्हणतात, माझ्याच हाताला देव जड झाला. कालपासून जेवले न्हाईत. संपात हात बरा होता, आता नोकरीच सोडतो म्हणून राहिलेत.”

अक्कांना जे भीतीदायक वाटत होतं त्याबद्दल मला वाईट वाटलं, पण माझी भीती वेगळीच होती. लिंग निसटलं ते कळ आली म्हणून, की हातातली ताकद गेली म्हणून? पहिलं असेल तर ते माझं काम. दुसरं असेल तर उशीर करून चालणार नव्हता. मी अक्कांना म्हटलं, “अप्पांना आत्ताच्या आत्ता घेऊन या.”

अप्पा आले. चेहरा ओढलेला. माझी दोन बोटं दाबायला लावली. दाब पूर्वीपेक्षा कमी वाटला. हातोडीनं कोपराजवळ ठोकून पाहिलं, हात हवा तेवढा उडाला नाही. उपाशी माणसाचा हात, दुखण्याला भिऊन आवरता घेतलेला हात, की खरंच कमजोर झालेला? बोटांनी सांगता येईना. मी हाडांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, मानेचा एमआरआय काढून घ्या, आजच.

एमआरआय केंद्रात नवीनच अडचण. त्या यंत्रात मोठा चुंबक असतो, अंगावर धातू चालत नाही. अप्पांनी घड्याळ काढलं, पट्टा काढला, किल्ल्या काढल्या. चांदीच्या डबीपाशी हात थांबला.

“हे न्हाई निघणार,” ते म्हणाले. “हे अंगावरून उतरवत न्हाईत. फोटो नको मला.”

यंत्रावरच्या मुलाला काही कळेना. तो बिचारा पुन्हा पुन्हा “काका, दोन मिनिटं टेबलावर ठेवा की” म्हणत होता, आणि प्रत्येक वेळी अप्पा दाराकडं एक पाऊल सरकत होते. मी अक्कांकडं पाहिलं.

“डबी चांदीची हाय,” अक्का सावकाश म्हणाल्या. “आतलं तर न्हाई. आतलं दगडाचं हाय. माझे आजोबा लिंग कापडातच बांधायचे. डबी कुठं होती त्यांच्याकडं?”

मुलानं आत जाऊन मोठ्या डॉक्टरांना विचारलं. ते स्वतः बाहेर आले, धातूचा कणही नाही ना, याची खात्री करून घेतली आणि हरकत नाही म्हणाले. अक्कांनी पिशवीतून पांढरं सुती कापड काढलं. अप्पांनी तोंड फिरवून लिंग डबीतून कापडात घेतलं, गाठ मारली, गळ्यात घातलं आणि कपडे बदलून आत गेले. डबी अक्कांच्या मुठीत राहिली.

बाहेरच्या बाकावर आम्ही दोघी बसलो होतो. आतून यंत्राचा धाडधाड आवाज येत होता. अक्का ओठातल्या ओठात ‘नमः शिवाय’ म्हणत होत्या. माझ्याही मनात तेच चाललं असावं. एवढ्या वर्षांत शेकडो माना हाताळल्या, पण कुणाच्या अहवालाची अशी वाट पाहिली नव्हती. एखाद्याची मान बरी नाही झाली तर तो दुखत दुखत जगतो. या माणसाचा हात गेला असता तर त्याचं काय गेलं असतं, ते मला सकाळीच कळलं होतं.

अहवाल घेऊन आम्ही हाडांच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी काळ्या फिल्मा उजेडासमोर धरल्या, अप्पांचा हात पुन्हा स्वतः तपासला. दोन घास खायला घालून आणलेला तो हात आता बराच बरा जोर करत होता. एमआरआयला जाण्याआधी दोघं घरी जाऊन आले होते, तेव्हा अक्कांनी अप्पांना गळ घातली होती. “लिंग तुमच्याच तळहातावर ठिवा, माझा हात तुमच्या हाताखाली. पूजा दोघांची.” अप्पांनी ते मानलं होतं आणि मग दोन घास खाल्ले होते.

“चकती थोडी सरकलीय, नसेला घासतेय,” डॉक्टर म्हणाले. “पण नस दबलेली नाही. ऑपरेशन लागणार नाही. मॅडमच्या हाताखालीच राहा. फक्त जोर कमी होतोय असं वाटलं तर लगेच या.”

अक्का खुर्चीवरच मागं टेकल्या. “शिवा शिवा,” एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. दवाखान्यात बसून दुकानातलं दुखणं सापडत नाही. मोसम ऐन भरात होता. अंगणात सोयाबीनचे ढीग, हवेत भुसा, हमालांची आरडाओरड. दुकानाचे मालक राजशेखरशेठ गादीवर लोडाला टेकून बसले होते. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी चहा मागवला. मी म्हटलं, “चहा घेते, पण मला फक्त बसून अप्पांना बघू द्या.”

बघायला फार वेळ लागला नाही. अप्पांच्या टेबलावर संगणक होता, पण त्याचा पडदा अप्पांसमोर नव्हता. तो डावीकडं, गादीच्या दिशेनं वळवून ठेवला होता, कारण शेठना बसल्या जागेवरून भाव दिसायला हवे होते. अप्पा बोटं समोर ठेवून मान डावीकडं वळवून काम करत होते. तेवढ्यात फोन वाजला. अप्पांनी तो उचलला, डाव्या कानाशी नेला, खांदा वर करून त्यात घट्ट दाबला आणि दोन्ही हातांनी आकडे मारायला लागले. हैदराबादचा व्यापारी, सोलापूरचा दलाल, डाळमिलवाला. एक ठेवला की दुसरा. मान वाकडी, खांदा कानाला, नजर डावीकडं. मी चहा संपवला तरी तो खांदा खाली आला नव्हता.

“अप्पा,” मी म्हटलं, “हे तुमचं ‘बसूनच असतो’ का?”

अप्पांनी फोन ठेवला. “मग काय करून राहिलो? बसूनच हाय की.”

मी शेठना नीट समजावून सांगितलं. मला वाटलं होतं, ते वाद घालतील. पण शेठनी पूर्ण ऐकून घेतलं आणि स्वतः उठून पडदा अप्पांसमोर फिरवला.

“अप्पा, तुमी कधी बोलला न्हाई!”

“तुमाला भाव दिसत नव्हते म्हणून तर तिकडं केला होता,” अप्पा म्हणाले.

“मी उठून येऊन बघीन. माझं पोट बघा, मलाबी उठायची गरज हाय.”

पडद्याखाली जाड पुठ्ठ्याची दोन खोकी ठेवली, तो नजरेच्या उंचीला आला. खुर्चीवर बसल्यावर अप्पांचे पाय लोंबकळत होते, त्यांच्याखाली लाकडी पाट आला. लिलावाचा पुकारा झाला की अप्पांनी उठून दारापर्यंत जायचं आणि खांदे मागं घेऊन परत यायचं, असं ठरलं. पुकारा दिवसभर होतच असतो, त्यामुळं आठवण ठेवायचा प्रश्न नव्हता.

अडलं ते फोनपाशी. मी म्हटलं, स्पीकरवर बोला. शेठ दचकले. “मॅडम, दुकानात शेजारच्या पेढीची माणसं येऊन बसतात. आमचा भाव सगळ्या यार्डाला ऐकू जाईल.” तेही खरंच होतं. मग कानात घालायची वायर सुचवली. या वेळी अप्पाच आडवे आले.

“न्हाई जमणार. समोर शेतकरी बसलेला असतो. माझ्या कानात ते दिसलं तर त्याला वाटल, मुनीम गाणे ऐकून राहिला आन् माझ्या मालाचा काटा करून राहिला. त्याचा इस्वास हाय माझ्यावर.”

त्यांच्या मानेपेक्षा त्यांना त्या शेतकऱ्याच्या मनाची काळजी जास्त होती. शेवटी शेठनी तोडगा काढला. एकाच कानात घालायची, दुसरा कान शेतकऱ्याकडं. अप्पा नाराजीनंच कबूल झाले.

चार-पाच दिवसांनी अप्पा दवाखान्यात आले ते वैतागून. “मॅडम, तुमचं यंत्र चांगलं हाय, पण लोक माझ्याशी वरडून बोलायलेत.”

“का?”

“त्यांना वाटतं, मला ऐकू येत न्हाई म्हणून कानात मशीन घातलंय. एक म्हातारा तर कानाशी येऊन म्हणला, अप्पा, वय झालं, आता सुनेला भांडी आपटाय सांगा, जेवायला बोलावलेलं कळल तरी.”

अक्का इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. अप्पाही हसले. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

हात काही जादू झाल्यासारखा बरा झाला नाही. आधी झोपेतली कळ थांबली. मग बोटांचा बधिरपणा अंगठ्यापुरता उरला. मग तोही विरत गेला. पूजेत अक्कांचा हात खाली असायचा. मग नुसता कोपराजवळ असायचा, न टेकवता. एक दिवस अक्कांनी हात मागं घेतला आणि अप्पांना सांगितलंच नाही. मला मात्र येऊन सांगून गेल्या.

मी मुद्दामच अप्पांना काही विचारत नव्हते. दुखणाऱ्या माणसाला रोज विचारलं की तो रोज शोधायला लागतो. यायचे दिवस कमी करत आणले. मग एका दुपारी दोघं आले. अक्कांच्या हातात डबा होता, शेंगदाण्याच्या पोळ्यांचा. अप्पा नेहमीसारखे खुर्चीवर बसले, पण शर्टाचं बटण काढायला लागले नाहीत.

“काय अप्पा, कसा आहे हात?” मी अखेर विचारलं.

अप्पांनी डावा तळहात उघडून स्वतःकडं वळवला आणि पाहत राहिले.

“आज सकाळी पूजेला बसलो,” ते म्हणाले. “पूजा झाली. डबी बंद केली. जेवाय बसलो. भाकरी मोडली. मग हिनं इचारलं, हात कसाय? तवा ध्यानात आलं, मॅडम, मला हात हाय.”